सकाळी नव्हती ती जखम

प्रिय हानुस,

आधी खाली बस, उभ्याउभ्या वाचू नकोस. उभ्यानं ऐकलेलं तुझ्या डोक्यात शिरत नाही हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. मंगळवारपासून मी तुला इतके फोन केले की आता माझ्या बोटांनाच तुझा नंबर पाठ झालाय, आणि तू आपला तोंडात मिठाची गुळणी धरून बसलायस. शेवटी निल्सिनाला फोन लावला. म्हटलं शेजारीण आहे, तिला निदान दार तरी ठोठावता येईल. ती म्हणाली, "तुझा हानुस वर दगडी कुंपण रचत बसलाय. टोपी उडून गेली तरी खाली येत नाही. मी हॉस्पिटलचं नाव काढलं तर म्हणतो, तिथं जाऊन काय करू, आईला आणखी एक जखम करू?" 'तुझा हानुस' म्हणाली ती, आपल्याला वेगळं होऊन इतकी वर्षं झाली तरी. मी दुरुस्त करायला गेले नाही. तर हे पत्र दुपारच्या बोटीनं पाठवतेय. निल्सिना धक्क्यावरून घेईल आणि तुझ्या हातात देईल. तू शेवटपर्यंत वाचल्याशिवाय समोरून हलायचं नाही, असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय. आणि निल्सिना एकदा उभी राहिली की कशी उभी राहते ते तुला सांगायला नको.

तुझ्या डोक्यात काय चाललंय ते मला ठाऊक आहे, म्हणून मुद्द्याचं आधी लिहिते. एल्स्पाच्या पाठीवरची ती जखम तुझ्यामुळे झालेली नाही. तुझ्या हातून काही राहून गेलं म्हणून नाही, आणि तू मेंढ्या हाकायला गेलास म्हणूनही नाही. तुझी समजूत काढायला मी हे लिहीत नाहीये. हॉस्पिटलात कुणाच्या अंगावर जखम दिसली की ती कशाची आहे हे ठरवायला मला बोलावतात. अर्ध्या आयुष्यभर मी हेच काम केलंय, आणि कुणाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणं मला कधी जमलेलं नाही. तुला तर नाहीच. चर्चमध्ये सगळे तुझ्या गाण्याची तारीफ करत होते तेव्हा मी काय म्हटलं होतं ते आठव. तेव्हा विश्वास ठेव. नसेल बसत विश्वास तर पुढचं सगळं नीट वाच, मी पहिल्यापासून सांगते.

मी सोमवारी लेकीकडून, आर्हुसहून परतले आणि मंगळवारी कामावर गेले, तर हेडनर्स योरुन दारातच उभी. मला कोटसुद्धा काढू दिला नाही. "दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून ऐक," म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं. एल्स्पाच्या छातीत कफ भरला म्हणून तू तिला हेलिकॉप्टरनं घेऊन आलास. संध्याकाळी अंग पुसताना माकडहाडाच्या वर काळाजांभळा डाग दिसला, तळहाताएवढा, मधे कातडी फुटलेली. डॉक्टर अस्गरला बोलावलं. हा अस्गर डेन्मार्कहून आलाय, वयानं आपल्या रान्वाएवढा, इथं येऊन त्याला महिनाही झालेला नाही. त्यानं तुला बाहेर कॉरिडॉरमध्ये गाठून विचारलं, "या किती दिवस अशा पडून होत्या?" तू म्हणालास, "सकाळी नव्हती ही जखम. सकाळी मीच अंघोळ घातली." त्यावर तो आणि योरुन एकमेकांकडे बघत राहिले. मग योरुन तुला म्हणाली की अशी जखम एका दिवसात होत नसते, घरी एकट्या पुरुषानं हे सगळं करायचं म्हणजे कठीणच, तुम्ही लाज वाटून घेऊ नका. हे तिनं स्वतःच मला सांगितलं हं, काही लपवलं नाही. आपण फार चांगुलपणानं बोललो असं वाटलं होतं तिला. तू आत जाऊन आईच्या गालावरून हात फिरवलास, टोपी घातलीस आणि निघालास. दुसऱ्या दिवशी तिनं फोन केला तर तू बेटावर.

मला इतका राग आला होता ना, तुझ्यावर, योरुनवर, त्या पोरावर, आणि नेमकी तेव्हाच मी इथं नव्हते याचाही. आर्हुसचं सांगायचं राहिलंच बघ. रान्वा आणि बाळ दोघी ठणठणीत आहेत. मी तिथं बाळाचे लंगोट बदलत होते आणि रान्वाच्या नवऱ्याला बटाटे कसे उकडायचे ते शिकवत होते. पहिलं काम सोपं होतं. मुलगी थेट तुझ्यावर गेलीय. भूक लागली तरी रडत नाही, नुसत्या भुवया आक्रसून भिंतीकडे बघत पडून राहते आणि आपल्याला ओळखून घ्यावं लागतं. रान्वा म्हणते, आई, मी हे आधी कुठंतरी बघितलंय. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

तर मी एल्स्पाकडे गेले. खरं म्हणजे आपल्या माणसाची जखम आपण तपासू नये अशी रीत आहे. पण योरुन म्हणाली, "तुमचा घटस्फोट झालाय ना, मग बसतंय नियमात." म्हटलं, बसतंय तर बसू दे. एल्स्पानं मला लगेच ओळखलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून तिचे शब्द अर्धेमुर्धे बाहेर येतात, पण टोमणा पुरा येतो. "आलीस? जाड झालीस," म्हणाली. बरं वाटलं मला. तू पहिल्यांदा मला घरी नेलंस तेव्हा मी तिला अहो-जाहो करायला गेले, आठवतं? "माझं नाव एल्स्पा आहे. ते घ्यायला जीभ वळत नसेल तर कॉफी मिळणार नाही," म्हणाली होती. त्या दिवसापासून मी तिला घाबरणं सोडलं आणि तुझ्यापेक्षा जास्त तिच्याशीच बोलायला लागले.

मी डाग आधी बघितला नाही. मी कधीच बघत नाही. डागाकडे आधी बघितलं की डोळा तिथंच अडकतो आणि बाकीचा माणूस दिसत नाही. मी टाचांपासून सुरुवात करते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची टाच बघितली की घरात काय चालतं ते समजतं. हानुस, अशा टाचा मी शेकड्यांनी बघितल्यात. काळ्या पडलेल्या, चिरा गेलेल्या, मोज्याला चिकटलेल्या. एल्स्पाच्या टाचा रान्वाच्या बाळासारख्या आहेत. मऊ, गुलाबी, कुठं साधी लालीसुद्धा नाही. ती डाव्या कुशीवर झोपते, समुद्राकडे तोंड करून, हे मला माहीत आहे. त्या बाजूच्या खुब्याच्या हाडावर मी अंगठा दाबून बघितला. कातडी पांढरी झाली आणि लगेच रंग परत आला, म्हणजे खाली रक्त छान खेळतंय. पायाच्या बोटांच्या बेचक्या कोरड्या. स्तनांच्या खाली, जिथं बघायला बहुतेक मुलगे लाजतात, तिथंसुद्धा कोरडं आणि स्वच्छ. मग मी तिच्या लुळ्या हाताची मूठ उघडली. अशा मुठीत घाम साचतो, नखं तळव्यात रुततात, वास मारतो. तिथं तू धुतलेल्या लोकरीचा छोटा गोळा ठेवला होतास. नखं कापलेली, वर कानस मारून गोल केलेली. मी ती मूठ पुन्हा मिटली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले, कारण मला रडू आवरेना.

खरं सांगू? थोडा हेवाही वाटला. आपण वेगळे झालो तेव्हा भांडण असं काहीच नव्हतं. तू महिनोन् महिने समुद्रावर, आणि घरी यायचास ते पाहुण्यासारखा. कप कुठल्या फळीवर असतात ते दर वेळी नव्यानं विचारायचास. मी म्हटलं होतं, मला नवरा हवाय, पाहुणा नकोय. तू 'बरं' म्हणालास. 'बरं'! त्या 'बरं'वर मी वर्षभर जळत होते. मग बोट सोडून जमिनीवर उतरलास तो आईसाठी. मी मैत्रिणींना हसत हसत सांगायचे की बघा, माझ्यासाठी नाही उतरला. हसत सांगायचे पण लागलं होतं मला ते. आणि आता ती मूठ बघितली. कुणी शिकवलं रे तुला हे सगळं? मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. तू विचारलं नाहीस, आणि तरी एकूण एक गोष्ट बरोबर केलीस. तळहाताच्या फोडासारखं जपलंस तू तिला. मला तुझा अभिमान वाटला, रागही आला आणि तू फार आवडलास, हे सगळं एकाच वेळी. या वयात हे लिहायला माझं काय जातंय.

त्यानंतर डाग बघितला, आणि घाबरले. कशाला घाबरले तेही सांगते, कारण तू त्याच भीतीनं वर कुंपण रचत बसलायस. माणूस कठीण जमिनीवर काही तास पडून राहिला तर हाडाखालचं मांस आतल्या आत दबून मरतं. वरच्या कातडीला ते दोन-तीन दिवसांनी कळतं, आणि मग एकाएकी असाच काळाजांभळा डाग उमटतो. तू तिला इथं आणलंस त्याच्या दोनच दिवस आधी तुमच्याकडे मेंढ्या खाली हाकण्याचा दिवस होता. त्या दिवशी ज्याला पाय आहेत त्यानं डोंगरावर जायचंच. एक माणूस कमी पडला तर हाकणाऱ्यांची ओळ तुटते आणि मेंढ्या कड्याकडे पळतात. तू पहाटेपासून वर, आणि एल्स्पा निल्सिनाच्या भरवशावर. माझ्या मनात आलं, पडली असेल. निल्सिनाला एकटीला उचलली गेली नसेल, आणि हाक मारायला गावात होतंच कोण? सगळे डोंगरावर. मग निल्सिनानं भीतीनं तुला काही सांगितलं नसेल. दिवस इतके नेमके जुळत होते. तुझ्याही मनात हेच आहे, हो ना? मी त्या दिवशी गेलोच नसतो तर, हेच ना?

आमच्याकडे कुठलीही जखम दोघींनी बघायची असते. दुसरी दुसऱ्या वॉर्डातली, आणि आपलं मत ठरेपर्यंत एकमेकींशी बोलायचं नाही. एरवी मी या नियमाला नाक मुरडते, पण मंगळवारी मला माझ्याच डोळ्यांचा भरवसा नव्हता. तुझी चूक नसावी असं मला इतकं वाटत होतं की मी काळ्याला पांढरंसुद्धा म्हटलं असतं. म्हणून सर्जरीच्या वॉर्डातून गुनवरला बोलावलं. बाई कोण, कुठली, काही सांगितलं नाही; मनगटावरच्या नावाच्या पट्टीवरसुद्धा चिकटपट्टी लावली. गुनवर फटकळ आहे आणि कुणाची भीडभाड ठेवत नाही. ती बऱ्याच वेळानं बाहेर आली आणि चष्मा पुसत म्हणाली, "डाग वाईट आहे. पण या बाईंना ज्यानं कुणी सांभाळलंय ना, त्याला मला माझ्या आईसाठी ठेवून घ्यायचंय. या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत." मग म्हणाली की दबून मेलेलं मांस बोटाला कणकेसारखं लिबलिबीत लागतं, हे तसं लागत नाही, आणि डाग हाडाच्या बरोबर वर नाही, दोन्ही बाजूंना फुलपाखराच्या पंखांसारखा पसरलाय. मलाही तसंच दिसलं होतं. पण तिनंही शेवटी तेच विचारलं, "या जमिनीवर पडल्या होत्या का कधी?"

निल्सिनाला फोन करून विचारलं तर ती अशी तडकली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "जमिनीवर? मी काय तिला बटाट्याच्या पोत्यासारखी टाकून गेले होते? पाच जणी होतो आम्ही तिथं, विणकाम घेऊन. तिला मधे बसवलं होतं, तिच्या त्या लोकरीच्या कातड्यावर. दर थोड्या वेळानं दोघी दोघी मिळून उचलत होतो, हानुसनं तसं बजावूनच ठेवलं होतं, दहा वेळा! सूप दिलं तर अळणी आहे म्हणून परत पाठवलं तिनं. विचार जा कुणालाही." विचारलं मी, उरलेल्या चौघींना एकेक करून. चौघींनी तेच सांगितलं. फक्त सूप कुणी अळणी केलं यावर एकमत होईना. मी अस्गरला हे सांगितलं तर तो हळूच म्हणाला, "शेजारणी एकमेकींना सांभाळून घेतात, बिरिता." मला राग आला, पण त्याचं म्हणणं खोडूनही काढता येईना. मंगळवारची रात्र मी अशीच काढली.

आता कालचं ऐक. काल सकाळी योरुननं स्वतः एल्स्पाला अंघोळ घातली. हेडनर्स अंघोळी घालत नाहीत, पण तिलाही चैन पडत नव्हतं. नखशिखांत बघितलं, सगळं स्वच्छ, तो एक डाग सोडला तर. एल्स्पा आमच्याकडच्या सगळ्यात चांगल्या हवेच्या गादीवर आहे, घड्याळ लावून तिची कूस बदलतात. दुपारी मी आणि योरुन चादर बदलायला गेलो. पांघरूण बाजूला केलं, तर दोन्ही नडग्यांवर जांभळे पट्टे. दोन्हीकडे सारखे, आरशात बघावं तसे. नडगीवर, हानुस, समोरच्या बाजूला! तिथं काही टेकत नाही, काही घासत नाही; पांघरूणसुद्धा आम्ही लोखंडी कमानीवरून सोडतो, पायांना लागत नाही. योरुन आ वासून बघत राहिली. म्हणाली, "सकाळी नव्हतं हे. सकाळी मीच अंघोळ घातली." आणि तोंडातून निघाल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं की आपण काय बोललो. ती तशीच पलंगाच्या कडेवर बसली. मला तिला चार शब्द सुनवायचे होते, पण तिचा चेहरा बघून सुनवावेसे वाटेनात. ती म्हणाली, "तोही हेच सांगत होता. मी त्याच्याकडे कशी बघत होते ग." मग एल्स्पाच म्हणाली, "माझ्या पायावर बसू नकोस." योरुन ताडकन उठली, आणि आम्ही दोघी रडता रडता हसायला लागलो.

अस्गर आला. त्याला मी मनातल्या मनात बऱ्याच शिव्या घातल्या होत्या, पण पोरगा प्रामाणिक आहे. गुडघ्यावर बसून त्यानं दोन्ही नडग्या बघितल्या, दिवा तिरका धरून बघितल्या, दाबून बघितल्या, मग पाठीचा डाग पुन्हा पहिल्यापासून बघितला. कपाळावर घाम होता त्याच्या. मग म्हणाला, "हे दाबानं झालेलं नाही. ओलीनं नाही, जंतूंनी नाही. घरी कुणाचं काही चुकलेलं नाही." केसपेपरवर आधी लिहिलेलं त्यानं स्वतःच्या हातानं खोडलं. मला विचारलं की ते लोकरीचं कातडं कुठून आलं. पहिल्या दिवशी त्यानं ते एल्स्पाच्या खालून काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलं होतं, म्हणे जनावराचं कातडं आणि आजारी माणसाच्या खाली! मी सांगितलं की हानुसनं स्वतःच्या मेंढीचं कमावलेलं आहे, आणि त्याच्यामुळेच म्हातारीच्या अंगावर दोन वर्षांत एक ओरखडा नाही. कान लाल झाले त्याचे. पिशवी शोधून काढली, बाहेर नेऊन कातडं झटकलं आणि पुन्हा तिच्या खाली घातलं. हवेच्या गादीवर दुसरं काही घालू नये असं आम्हीच सगळ्यांना शिकवतो, पण कुणी काही म्हटलं नाही. त्याला तुझी माफी मागायचीय. मागू दे त्याला, कुरकुरू नकोस आणि भिंतीकडे बघत उभा राहू नकोस. त्यानंतर त्यानं मला बाजूला घेऊन आणखी काही सांगितलं. ते शेवटी लिहिते; आधी एल्स्पाचं सांगू दे.

ती बरी आहे, म्हणजे तिला त्रास नाही. पाठ दुखते का विचारलं तर "कुणाची?" म्हणते. कफ कमी झालाय. बहुतेक वेळ झोपून असते, जागी झाली की दोन चमचे रुबार्बचा मुरंबा खाते, बाकी काही नको म्हणते. मी तिला बाळाचा फोटो दाखवला. बराच वेळ बघून म्हणाली, "हा कशावर चिडलाय?" म्हटलं, मुलगी आहे, तुझी पणती. "मग ही कशावर चिडलीय?" तू कुठं आहेस विचारत होती. मी म्हटलं मेंढ्यांकडे. "असू दे. मेंढ्या त्याला बोलत नाहीत," म्हणाली. हानुस, त्या कॉरिडॉरमध्ये जे बोललं गेलं ते तिनं ऐकलं होतं की काय, कुणास ठाऊक. मला विचारायचं धैर्य झालं नाही.

आता अस्गर काय म्हणाला ते. कातडी हाही एक अवयवच असतो, हृदयासारखा, फुफ्फुसासारखा, आणि तोही थकतो. शरीर निघायच्या तयारीला लागलं की ते रक्त आत ओढून घेतं आणि कातडीला सोडून देतं. तेव्हा असे डाग येतात. सकाळी नसतात, दुपारी असतात. कितीही जपलं, कितीही चांगल्या गादीवर ठेवलं, तरी येतात. आणि ते आले की फार दिवस उरलेले नसतात. ज्या गोष्टीनं तू सुटलास तीच गोष्ट सांगतेय की एल्स्पा चाललीय. यातलं अर्धंच लिहून हे पत्र बंद करावं असं मला फार वाटलं. तुझ्या छातीवरचा दगड उतरला असता, तू शांतपणे मेंढ्या बघत राहिला असतास, आणि मग ती गेल्याचा फोन आला असता. तसं मी तुझ्याशी वागू शकत नाही. उद्या सकाळच्या हेलिकॉप्टरमध्ये तुझ्या नावाची जागा ठेवलीय. मेंढ्यांचं निल्सिनाच्या भावाशी बोलून झालंय. मी खाली उभी असेन. आम्ही तिची कूस बदलतो ना, तेव्हा ती डोळे न उघडता विचारते, "हे कुणाचे हात?" मी म्हणते, बिरिताचे. योरुन म्हणते, योरुनचे. ती "बरं" म्हणते आणि पुढच्या खेपेला पुन्हा विचारते. उद्या तिनं विचारलं की उत्तर तू दे.

तुझीच,
बिरिता